मिलोची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे आणि बारा बाटल्या

1972 च्या दुष्काळाची गोष्ट निघाली की आमच्या वयाचा माणूस पहिल्यांदा मिलोचं नाव घेतो. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. रेशनवर मिळायची. तिच्या भाकरीनं घसा कसा धरला जायचा, थापताना कडा कशा फाटायच्या, हे सांगून झालं की पुढे खडी फोडण्याची गोष्ट येते, मग सुकडीची. मीही पोरांना हेच सांगत आलो. पण घरात चूल पेटल्यावर बायामाणसं त्या मिलोचं काय काय करायची, ते कुणी सांगत नाही. त्या दिवसांत आमच्या घरात एक-दोनदा असं जेवण झालं की त्याची चव अजून तोंडावर आहे. दुष्काळात चव होती म्हटलं की ऐकणारा बिचकतो. म्हणून जरा बैजवार लिहितो.

आधी थोडं मागचं सांगतो. तालुक्याच्या वाचनालयात मला जुन्या दुष्काळांची माहिती वाचायला मिळाली. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ दख्खनवर पडला तेव्हा इंग्रज सरकारनं लोकांना कामावर लावलं, पण मजुरी किती द्यायची यावर घोळ घातला. 1877 च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल नावाचा अधिकारी आला. माणसाला जगायला दिवसाला एक पौंड धान्य पुरतं, असं त्यानं ठरवलं. एक पौंड म्हणजे आपला अर्धा किलोसुद्धा नाही, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. त्याच्यावर एखादा आणा. त्या आण्यात मीठ, मिरची, सरपण, लुगडं, सगळं बसवायचं. आपल्या भागातल्या मजुरांनी ही मजुरी नाकारली. हजारो लोक काम सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारला अर्जावर अर्ज केले, कैद्याला तुरुंगात याच्यापेक्षा जास्त मिळतं हेही दाखवून दिलं.

मला त्या न शिकलेल्या मजुरांचं नवल वाटतं. उपाशी माणूस मिळेल ते घेईल असं साहेबाचं गणित होतं. माणसांनी घमेली खाली ठेवली. किती धान्यावर जीव तगतो याचा हिशेब साहेबानं मांडला होता, आणि मीठमिरचीला त्यात जवळजवळ जागाच नव्हती. घरात बाई स्वयंपाक करते तेव्हा तिचा हिशेब मिठापासून सुरू होतो.

आता बहात्तर. आमचं गाव चांदवड तालुक्यातलं, निफाडच्या हद्दीकडचं. आज तिकडून कुणी गेलं तर द्राक्षाच्या बागा दिसतात, पण तेव्हा बाजरी, हुलगे, मठ आणि थोडी भुईमुगाची शेंग एवढंच होतं. पाऊस दोन वर्षं आधीपासूनच हुलकावण्या देत होता. बहात्तरला त्यानं पुरतीच पाठ फिरवली. मी बारा वर्षांचा होतो. विहिरी तळाला गेल्या, बैलं बाजारात गेली आणि दादा, आई, चुलता सगळे खडीवर गेले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला सुचवलेली रोजगार हमीची कल्पना सरकारनं त्या दुष्काळात राज्यभर वापरली. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसं अशा कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. कायदा पुढे 1977 ला झाला आणि 1979 च्या 26 जानेवारीपासून लागू झाला. ती कामं नसती तर आम्ही जगलो नसतो, हे साधं आहे. सरकारला शिव्या देणारे पुष्कळ आहेत, मीही देतो, पण हे मान्य करायला हवं.

तर मिलो. आईला पहिल्या आठवड्यात भाकरी जमेना. आजी म्हणाली, "पानी उकळून घे अन् त्येच्यात पीठ टाक." उकड काढून, हाताला चटके सोसत मळलं की ती थापली जायची. मग आईनं मुठीएवढं बाजरीचं पीठ त्यात घालायला सुरुवात केली. घरात बाजरीची एक लहान कणगी उरली होती. ती आजीनं शेणानं लिंपून बंद केलेली होती. रोज एक मूठ, जास्त नाही. भाकरी झाली, पण तोंडी लावायला काय? भाजीपाला कुठून आणणार? तिथे चिंच कामी आली. आमच्या नाल्याच्या काठाला दोन चिंचा होत्या. दुष्काळात सगळं वाळलं पण त्या चिंचांना त्या वर्षीही आकडे आले. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, लसणाच्या चार पाकळ्यांची फोडणी आणि भरपूर पाणी. त्या सारात मिलोची भाकरी कुस्करून खाल्ली की घसा धरत नसे. लसूण महाग होता. दादा एकदा कुरकुरले की, फोडणी कशाला, तेल उगाच जातं. तेव्हा आई जे बोलली ते मला शब्दाशब्दानं आठवतं. म्हणाली, "बिनचवीचं खाल्लं की दुसऱ्या दिशी हातोडा उचलवत नाही. तुम्ही बघा करून." दादांनी काही करून बघितलं नाही. फोडणी चालू राहिली.

कामावर सुकडी मिळायची. भाजलेलं पीठ, त्यात गोडवा असायचा. लेकराबाळांना ती फार आवडायची. आम्ही कागदात घेऊन नुसती चाटायचो. 1973 ची आखाजी जवळ आली. आमच्याकडे आखाजी मोठी, दिवाळीच्या खालोखाल. घागर भरायची, पितरांना जेवण, माहेरवाशिणी, सांजोऱ्या, आमरस. त्या वर्षी घागर भरायला टँकरच्या पाण्याची वाट बघावी लागत होती. माहेरवाशिणी तर सगळ्या आपापल्या सासरी खडीवर. आईनं कामावरून आलेली सुकडी आठ दिवस कुणाला चाटू दिली नाही. आम्ही रडलो. तिनं ती डब्यात भरून उतरंडीत वर ठेवली. आखाजीच्या दिवशी रेशनच्या गव्हाचं पीठ काढलं, सुकडीत गूळ आणि सुंठ घालून सारण केलं आणि सांजोऱ्या केल्या. प्रत्येकाला दोन. तूप नव्हतं. आमरस नव्हता. हुलग्याचे शेंगोळे होते. पितरांना पान दाखवलं आणि मग सगळे एका ओळीत बसलो, चुलता, चुलती, त्यांची तीन पोरं, आम्ही चौघं भावंडं. खडीच्या कामानं हात फुटलेले, चुलत्याच्या डाव्या डोळ्यावर कपची उडून सूज आलेली, आणि तो म्हणतो, "वहिनी, आणखी शेंगोळे वाढा, पोट फुटलं तरी चालंल."

शेंगोळे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. हुलगा म्हणजे कुळीथ. हलक्या रानात, कमी पावसात येणारं कडधान्य. हुलग्याच्या पिठात थोडं दुसरं पीठ, लसूण, जिरं, मिरचीचं वाटण, मीठ, हळद घालून घट्ट मळायचं. तळहाताला तेलाचं बोट लावून लांब वळ्या करायच्या, दोन्ही टोकं जोडून कडी करायची. फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. शिजत आल्या की पाण्याला पिठाचा दाटपणा येतो. पंचतारांकित हॉटेलात आता हे महागात मिळतं म्हणतात. आमच्याकडे ते गरिबाचं आणि पावसाळ्यातलं खाणं होतं. त्या वर्षी नवे हुलगे आलेच नव्हते. आजीनं बियाणासाठी राखेत ठेवलेल्या मडक्यातले शेरभर काढले. बियाणं खाऊ नये हा शेतकऱ्याचा पहिला नियम. आजीनंच तो आम्हाला शिकवलेला. त्या दिवशी तिनं ते मडकं स्वतःच्या हातानं फोडलं. दादांनी तोंड उघडलं होतं, पण आजीकडे बघून मिटलं.

दारूचं म्हणाल तर दारू बहात्तरलाही होती. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. पुढे बंदी सैल झाली, परवाने आले, पण आमच्या नाल्यात गूळ-नवसागराची हातभट्टी बंदीतही होती आणि नंतरही. दुष्काळात गूळ मिळत नव्हता तरी भट्टीला मिळायचा. पगाराच्या दिवशी काही माणसं खडीवरून थेट नाल्यात जायची. त्यांच्या घरी त्या रात्री मिलोचं पीठसुद्धा नसायचं. एक घर मला ठाऊक आहे, तिथली बाई आमच्याकडे सार मागायला यायची, लोटा पदराखाली घेऊन. आई लोटा भरून द्यायची आणि वर भाकरी ठेवायची, बोलायची काही नाही. त्यामुळे ह्या विषयावर मी हलक्या हातानं लिहीत नाही. घराच्या ताटातून काढून, बाहेर, अंधारात घेतलेली ती एक वस्तू. दुसरीही एक वस्तू मी पुढे पाहिली, तिची गोष्ट आता सांगतो.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे द्राक्षं आली. निफाड, ओझर, पिंपळगावकडे ती आधीपासून होती. विहिरीला पाणी लागलं, वीज आली, थॉमसन सीडलेस आलं. एकेक करून सगळ्यांनी मंडप उभे केले. द्राक्षानं पैसा दिला आणि कर्जही दिलं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडीबहार छाटणी, मधे डावणी, भुरी, गारपीट. हा सगळा जुगार बागायतदाराला सांगायला नको आणि इतरांना सांगून कळत नाही. पुढे जातो.

2000 साली नाशिकच्या गंगापूर धरणाजवळच्या सुलाची पहिली वाईन बाजारात आली. त्याच्याही आधी नारायणगावला शामराव चौगुले यांनी वाईनचा कारखाना काढलेला होता. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क केले. मग दिंडोरी, निफाड, नाशिक तालुक्यात कारखाने निघाले. कारखान्याची माणसं गाडी घेऊन गावात यायची, करार करायची. 2004 मध्ये मी एक एकर शिराझ लावलं. काळी, बारीक मण्यांची द्राक्षं, बी असलेली. खायला नव्हेत. कारखान्याचा माणूस यंत्र घेऊन गोडी मोजायचा, 22-23 ब्रिक्स झाली की तोडा. पहिली चार वर्षं पैसे वेळेवर आले. निर्यातीच्या मालासारखी मण्याच्या आकाराची, डागाची कटकट नव्हती. बायको म्हणायची, ही बाग बरी, हिला रोज आंजारायला-गोंजारायला लागत नाही.

मग 2008 ची मंदी आली. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, परदेशी पाहुणे यायचे थांबले, हॉटेलं ओस पडली. वाईन टाक्यांत तशीच पडून राहिली. कारखान्यांनी माल उचलायचं कमी केलं, काहींनी बंदच केलं. आमच्या कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो आता नाही. 2010 च्या तोड्याला त्यांनी अर्धा माल घेतला आणि पैशाचं पुढच्या महिन्यावर ढकलत राहिले. उरलेली द्राक्षं कोण घेणार? बाजारात काळ्या, बियांच्या द्राक्षाला गिऱ्हाईक नाही. जिल्ह्यात पुष्कळांनी त्या दोन वर्षांत वाईनच्या बागा उपटल्या. मीही जेसीबी लावला. सहा वर्षांच्या वेली, खोडं मनगटाएवढी झालेली. दुपारपर्यंत रान मोकळं झालं.

त्याच्या आधी, तोडा संपल्यावर, कारखान्याच्या माणसानं एक खोकं आणून दिलं होतं. बारा बाटल्या. म्हणाला, "काका, ही तुमच्याच प्लॉटच्या मागच्या वर्षीच्या मालाची आहे, घरी ठेवा." चांगला पोरगा होता, त्याचाही पगार थकलेला. मी परवाना काढलेलाच होता, कारण वाईनची द्राक्षं पिकवून वाईन कशी लागते ते ठाऊक नसावं हे मला बरं वाटत नव्हतं. खोकं जुन्या घरात, धाब्याच्या खोलीत, जिथे पूर्वी कणग्या असायच्या तिथे ठेवलं. ती खोली उन्हाळ्यातही गार असते. आई माळकरी. तिला सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही, पण तिला ठाऊक होतं. घरात तिला ठाऊक नाही असं काही नसतं.

आता 2020. मार्च महिना. थॉमसनचे दोन एकर तयार, व्यापाऱ्याशी बोलणं झालेलं, 23 तारखेला तोड ठरलेली. 22 ला जनता कर्फ्यू आणि 25 पासून देश बंद. व्यापारी फोन उचलेना. पेठ-सुरगाण्याकडची मजूर माणसं पायी घराकडे निघाली. आम्ही त्यांना वाटेसाठी भाकरी आणि द्राक्षं दिली, द्राक्षं तर काय, न्याल तेवढी. आठ दिवसांनी एकजण आठ रुपये किलोनं माल मागायला आला. खर्च त्याच्या दुपटीहून जास्त. सोसायटीचं कर्ज, औषधवाल्याची उधारी, सगळं डोक्यावर. पुण्याहून मुलगा, सून, दोन नाती घरी आलेल्या. मुलाचा पगार अर्धा झाला होता, पुढे नोकरी राहते की नाही ते ठाऊक नव्हतं. रात्री कुणाला झोप नव्हती.

आम्ही बेदाणा करायचं ठरवलं. नाइलाज म्हणून. पुष्कळांनी तेच केलं. घरातलीच माणसं तोडायला. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवायचे, जाळीवर पसरायचे, बारा-पंधरा दिवस सांभाळायचे. चार किलोला एक किलो निघतो. सून संगणकावर काम करणारी पोरगी, तिच्या बोटांची सालं निघाली त्या पाण्यानं. बोलली नाही काही. दहाव्या की अकराव्या दिवशी दुपारी आई ओट्यावरून म्हणाली, "आज शेंगोळे करा." वय ब्याऐंशी. बायको म्हणाली, एवढ्या कामात कुठं वळत बसू? आई म्हणाली, "मी वळते." आणि खरंच पाट घेऊन बसली. नातीही बसल्या. थरथरत्या हातांनी तिच्या कड्या नातींपेक्षा सारख्या निघत होत्या.

मुलाला मी म्हणालो, धाब्यातलं खोकं काढ. दहा वर्षांत चार बाटल्या पाहुण्यांना उघडल्या होत्या, आठ उरलेल्या. बूच काढायचं साधन घरात नाही. स्क्रू आणि पकड घेऊन काढलं, निम्मं बूच आत पडलं, चहाच्या गाळणीनं गाळून घेतलं. पहिली बाटली आंबून शिरका झालेली. बायकोनं ती टाकू दिली नाही. कांदा चिरून त्यात मीठ, मिरची, तो शिरका घातला आणि ताटाला वाढला. दुसरी उघडली. ती चांगली होती. तज्ज्ञ माणसाला ती म्हातारी झालेली वाटली असती, रंग विटकरी झाला होता. पण तोंडात घेतल्यावर मला आधी आमचं ते रान आठवलं, पाटाच्या वरचं, मुरमाड, जिथे आता टोमॅटो आहे. वेली जाऊन दहा वर्षं झाली होती.

स्टीलच्या फुलपात्रात मुलानं, सुनेनं आणि मी घेतली. बायकोनं दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं करून तिसरा घेतला. शेंगोळ्यांचा लसूण आणि तिखट, त्याच्यावर ही तुरट-आंबट. जमतं. पुस्तकात वाईनबरोबर चीज लिहिलेलं असतं, पण हुलग्याशी तिची चांगली ओळख निघाली. आईनं फुलपात्र हातात घेऊन वास घेतला. म्हणाली, "चिंचेच्या सारावानी वास येतोय." फुलपात्र खाली ठेवलं आणि नातींना मिलोची गोष्ट सांगायला लागली. सुकडीच्या सांजोऱ्यांची गोष्ट मी चाळीस वर्षांत तिच्या तोंडून ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली. आठ दिवस सुकडी राखताना एका रात्री तिनं स्वतःच उठून मूठभर खाल्ली होती, हे मला तेव्हा कळलं.

दुकानं बंद होती तेव्हा आमच्या नाल्यातली हातभट्टी पुन्हा जोरात आली होती. 4 मेला दारूची दुकानं उघडली आणि टीव्हीवर मैल-मैल रांगा दाखवल्या. पुढे 2022 च्या जानेवारीत सुपर मार्केटात वाईन ठेवायचा निर्णय सरकारनं घेतला तेव्हा वाईन म्हणजे दारू की नाही यावर मोठा वाद झाला. माझ्याकडे दोन्ही बाजूंची माणसं आली, बागायतदार म्हणून तुम्ही बोला म्हणाली. मी त्यांना लोटा घेऊन येणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली आणि शेंगोळ्यांच्या जेवणाचीही सांगितली. दोन्ही बाजू नाराज होऊन गेल्या.

बेदाणा त्या वर्षी साडेतीन टन निघाला. पावसानं थोडा काळा पडला. दिवाळीच्या आधी विकला, औषधवाल्याची उधारी फिटली, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलं. मुलाची नोकरी राहिली. सून आता पुण्यात शेंगोळे करते, पण हुलग्याचं पीठ इथून नेते. तिकडच्या पिठाला वास नाही म्हणते. शिरका झालेली ती बाटली संपल्यावर बायकोनं आणखी एक उघडायला लावली, शिरका निघतो का बघायला. ती चांगली निघाली, तेव्हा तिला वाईट वाटलं.